घरातला टीव्ही जास्त झालाय का? ओळखायचं कसं आणि कमी करायचं कसं

शाळेच्या पालकसभेत एक तक्रार हमखास ऐकू येते. "पोरगं टीव्हीसमोरून हलतच नाही, तुम्हीच काहीतरी सांगा त्याला." अशा वेळी आम्ही पालकांना विचारतो, "घरात टीव्ही सकाळी पहिल्यांदा लावतं कोण?" थोडा वेळ कोणी बोलत नाही. मग एखादी आई सांगते, सकाळी पोराचे अब्बू बातम्या लावतात. दुसरी सांगते, दुपारी सासूबाईंची मालिका असते आणि रात्री आमची असते. म्हणजे पोरगं शाळेतून घरी येतं तेव्हा टीव्ही चालूच असतो. ते फक्त समोर येऊन बसतं.

टीव्ही पाहावा की पाहूच नये, यावर आपल्या समाजात जुना वाद आहे. त्यात आम्ही इथे जात नाही. ज्या घरात टीव्ही आहे तिथे तो किती वेळ चालतो, जास्त चालतोय हे कसं ओळखायचं आणि कमी कसा करायचा, एवढंच या लेखात पाहू.

आधी हिशेब मांडू

"फार नाही हो, दोन-तीन तास," असं सगळेच म्हणतात. चला, रोजचे तीन तास धरू. वर्षाचे होतात १०९५ तास. आता हा आकडा शाळेच्या आकड्याशेजारी ठेवून बघा. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याप्रमाणे सहावी ते आठवीच्या मुलांना वर्षात किमान २२० दिवस आणि १००० तास शिकवलं गेलं पाहिजे. पहिली ते पाचवीसाठी हा आकडा २०० दिवस आणि ८०० तास आहे. म्हणजे मराठी, उर्दू, गणित, विज्ञान, सगळे विषय आणि सगळे शिक्षक मिळून कायद्याने मुलाला किमान जेवढा वेळ द्यायचा, त्याहून जास्त वेळ एकटा टीव्ही घेऊन जातो. शाळेला उन्हाळ्याची, दिवाळीची, ईदची सुट्टी असते. टीव्हीला नसते, उलट सुट्टीत तो जास्त चालतो.

दुसरा हिशेब जाहिरातींचा. आपल्याकडच्या केबल टीव्हीच्या नियमांप्रमाणे वाहिनीला एका तासात १२ मिनिटांपर्यंत जाहिराती दाखवता येतात. वाहिनीने ही मर्यादा अगदी काटेकोर पाळली असं धरलं, तरी रोजच्या तीन तासांत ३६ मिनिटं जाहिरातींची होऊ शकतात, वर्षाचे २१९ तास. मग पोरगं दुकानात गेल्यावर अमुकच बिस्कीट आणि अमुकच पावडर का मागतं, हे वेगळं सांगायला नको.

पूर्वी टीव्ही स्वतःच थांबायचा

मुंबई दूरदर्शन सुरू झालं २ ऑक्टोबर १९७२ रोजी. त्या काळी कार्यक्रमांच्या वेळा ठरलेल्या असत आणि रात्री प्रक्षेपण संपलं की पडद्यावर बघायला काही उरत नसे. १९८४ मध्ये 'हम लोग' आली तेव्हा पुढचा भाग पाहायचा तर पुढच्या भागाच्या दिवसाची वाट बघावी लागे. मोहल्ल्यात एखाद्याच घरी टीव्ही असायचा, सगळे तिथे जमायचे आणि कार्यक्रम संपला की आपापल्या घरी जायचे.

नव्वदच्या दशकात केबल आली आणि टीव्ही दिवसरात्र चालू लागला. २००० नंतर आठवड्यातून चार-पाच दिवस, मग सहा दिवस चालणाऱ्या मालिकांची सवय घरोघरी लागली. आता स्मार्ट टीव्ही आहे. त्यावर एक भाग संपतो न संपतो तोच दुसरा आपोआप सुरू होतो. थांबवण्याचं काम पूर्वी दूरदर्शन करत होतं. आता ते आपल्यालाच करावं लागतं आणि त्याची सवय आपल्याला कोणी लावलेली नाही. आजच्या आई-वडिलांची अडचण मुळात इथे आहे.

उठावंसं का वाटत नाही?

"मन खंबीर पाहिजे," असं म्हणणं सोपं आहे. पण टीव्हीसमोरून न उठण्यामागे शरीराचंही एक कारण आहे. अचानक नवा आवाज झाला, काही हललं, की माणसाचं लक्ष आपोआप तिकडे जातं. रशियन शास्त्रज्ञ इव्हान पावलोव्ह यांनी १९२७ मध्येच याचं वर्णन करून ठेवलं आहे. टीव्हीवर दर काही सेकंदांनी चित्र बदलतं, आवाज चढतो-उतरतो, म्हणून लक्ष परत परत ओढलं जातं. मांडीवरचं तान्हं बाळही मान वळवून टीव्हीकडे बघतं ते यामुळेच. त्याला 'समजतंय' म्हणून आपण कौतुक करतो, पण त्यात समजण्याचा भाग नसतो.

रॉबर्ट क्युबी आणि मिहाय चिक्सेंटमिहाय या अमेरिकेतल्या दोन अभ्यासकांनी लोकांजवळ बीपर देऊन ठेवले. दिवसात केव्हाही बीपर वाजला की आपण काय करतोय आणि कसं वाटतंय हे त्या माणसाने लिहायचं. २००२ मध्ये 'सायंटिफिक अमेरिकन' या मासिकात त्यांनी याबद्दल लिहिलं. टीव्ही पाहताना माणसाला निवांत वाटतं आणि तो सुस्तही होतो. टीव्ही बंद केला की निवांतपणा लगेच संपतो, सुस्ती मात्र मागे राहते. खेळून किंवा आवडीचं काम करून उठलेल्या माणसाला बरं वाटतं, टीव्हीसमोरून उठलेल्याला तसं वाटत नाही. म्हणून आपण उठायचं टाळतो. "अजून थोडं बघू" याचा अर्थ पुष्कळदा तेवढाच असतो.

याशिवाय आपल्या मोहल्ल्यांची स्वतःची कारणं आहेत. भिवंडी, मालेगाव, मुंब्रा अशा दाट वस्तीत एका खोलीत सहा-सात माणसं राहतात. खेळायला मैदान जवळ नसतं. मुलींना संध्याकाळी बाहेर सोडायला आई घाबरते. दिवसभर लूमवर किंवा दुकानात उभं राहून आलेल्या बापाला दुसरी करमणूक परवडत नाही. दादीशी बोलायला कोणाला वेळ नसतो. अशा घरात टीव्ही जास्त चालला तर आई-वडिलांना बेजबाबदार म्हणणं आम्हाला पटत नाही. पण कारण खरं असलं तरी नुकसान व्हायचं थांबत नाही.

जास्त झालंय हे ओळखायच्या खुणा

तासांचा आकडा सगळ्यांसाठी सारखा नसतो. पुढच्या गोष्टी मात्र कोणत्याही घरात तपासता येतात.

१. काही बघायचं ठरलेलं नसतं, तरी घरात शिरल्या शिरल्या हात रिमोटकडे जातो.
२. एक कार्यक्रम बघायला बसतो आणि तीन बघून उठतो.
३. टीव्ही चालू असल्याशिवाय मूल जेवत नाही. मोठ्यांनाही जेवताना तो लागतो.
४. पाहुणे आले तरी टीव्ही बंद होत नाही, फार तर आवाज कमी होतो.
५. मगरिबची नमाज "जाहिरात लागू दे" म्हणत शेवटच्या वेळेवर जाते, इशा झोपायच्या वेळेवर.
६. रात्री झोप उशिरा होते आणि सकाळी मूल न खाता शाळेत येतं.
७. टीव्ही बंद कर म्हटलं की घरात भांडण होतं.
८. वीज गेली की करमत नाही, काय करावं ते सुचत नाही.

यातल्या एक-दोन खुणा कुठेही सापडतील. चार-पाच जुळत असतील तर टीव्ही कमी करायची वेळ आली आहे असं समजा. आणि ही यादी मुलांना समोर ठेवून वाचू नका. आधी अब्बू-अम्मींनी स्वतःला लावून बघावी.

आपल्या घरातल्या तीन सवयी

पहिली सवय रोजच्या मालिकांची. साधारण सात ते दहा ही मालिकांची मुख्य वेळ, आणि अभ्यासाचीही तीच वेळ. एका खोलीच्या घरात दहावीची मुलगी भिंतीकडे तोंड करून पुस्तक धरते, पण कान मालिकेत असतात. आम्ही वर्गात विचारलं तर मुलं मालिकेतल्या चार पिढ्यांची नाती न चुकता सांगतात. स्मरणशक्ती उत्तम आहे, ती खर्च कुठे होतेय तेवढं बघायला हवं.

दुसरी सवय जरा अवघड, कारण ती चांगली वाटते. "आम्ही काही वाईट बघत नाही, एर्तुग्रुल बघतो." ही तुर्की मालिका २०१४ ते २०१९ या काळात तयार झाली. २०२० च्या रमजानपासून पाकिस्तानच्या सरकारी वाहिनीने ती उर्दूत दाखवली आणि यूट्यूबवरून ती आपल्याकडेही घरोघरी पोचली. मूळ मालिकेचे १५० भाग आहेत आणि एकेक भाग जवळपास दोन तासांचा. म्हणजे साधारण ३०० तास. रोज एक तास पाहिली तरी दहा महिने लागतात, आणि पुष्कळ घरांत ती रात्र-रात्र जागून दोन-तीन महिन्यांत संपवली गेली. उर्दू ड्रामांचंही तसंच. भाषा गोड असते, कपडे सभ्य असतात, म्हणून किती वेळ गेला याची मोजदाद कोणी करत नाही. विषय चांगला असला तरी बसण्याचे तास तेवढेच राहतात, झोपही तेवढीच बुडते.

तिसरी सवय बहुतेक करून पुरुषांची. बातम्यांवरच्या चर्चा. रोज रात्री चार-सहा चौकटींत माणसं ओरडतात, आणि पुष्कळदा विषय आपणच असतो. अब्बू चिडतात, दादा घाबरतात, मुलं कोपऱ्यात बसून सगळं ऐकतात. दुसऱ्या दिवशी ती शाळेत आम्हाला विचारतात, "आपल्याला इथून जायला लागणार का?" आठ-नऊ वर्षांच्या मुलाच्या मनात ही भीती घालणं हे या चर्चांचं सगळ्यात मोठं नुकसान आहे असं आम्हाला वाटतं.

जगात काय चाललंय ते कळायला हवं, हे खरंच. पण चर्चा बघून ते कळतं का? २०२० मध्ये तबलिगी जमातीवर टीव्हीवर किती आठवडे चर्चा चालल्या ते आठवा. त्याच वर्षी २१ ऑगस्टला मुंबई उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठाने जमातीच्या परदेशी पाहुण्यांवरचे गुन्हे रद्द केले आणि वृत्तपत्रं व वाहिन्यांनी त्यांच्याविरुद्ध मोठा प्रचार चालवल्याचंही निकालात नोंदवलं. ती बातमी वर्तमानपत्रात पाच मिनिटांत वाचून होत होती. चर्चा तासन्‌तास पाहिलेल्या कितीतरी जणांना हा निकाल आजही माहीत नाही. बातमी वाचावी किंवा ठरलेल्या वेळी एक बातमीपत्र बघावं, तेवढ्यात जग कळतं.

लहान मुलांचं वेगळं आहे

जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ मध्ये पाच वर्षांखालच्या मुलांसाठी सूचना दिल्या. एक वर्षाच्या आतल्या बाळाला स्क्रीन दाखवूच नये. दोन ते चार वर्षांच्या मुलाला दिवसाला एक तासापेक्षा जास्त नको, आणि त्याहून कमी असेल तर अधिक चांगलं. स्क्रीनमध्ये टीव्ही आणि मोबाईल दोन्ही आले. टीव्ही बंद करून हातात मोबाईल दिला तर काही कमी झालं असं होत नाही.

"टीव्हीमुळे पोरं भाषा शिकतात," असंही ऐकतो. उर्दू माध्यमाच्या मुलांना मराठी वाहिन्यांमुळे मराठी कानावर पडते, हे आम्ही स्वतः वर्गात अनुभवतो आणि नाकारत नाही. पण दोन-तीन वर्षांचं मूल बोलायला शिकतं ते समोरचा माणूस उत्तर देतो म्हणून. मूल "पाणी" म्हणालं की अम्मी म्हणते, "थंड हवं की साधं?" टीव्ही असं कधी विचारत नाही. मोठ्या मुलानेही मराठी कार्यक्रम पाहिला तर नंतर त्याला विचारा, "काय झालं त्यात? मराठीत सांग बरं." तेव्हा पाहिलेलं थोडं तरी उपयोगी पडेल.

जेवतानाचा टीव्ही सगळ्यात आधी बंद करण्यासारखा आहे. पडद्याकडे बघत खाणाऱ्या मुलाला पोट भरल्याचं कळत नाही. मग ते एक तर जास्त खातं, नाहीतर घास तोंडात धरून बसतं.

कमी कसा करायचा?

पहिले सात दिवस फक्त नोंद करा. टीव्हीजवळ एक वही आणि पेन ठेवा. टीव्ही लावताना वेळ लिहा, बंद करताना वेळ लिहा, कोणी लावला आणि काय पाहिलं तेही लिहा. कोणाला काही बोलू नका. हे काम घरातल्या पाचवी-सहावीच्या मुलाला द्या, ते इमानदारीने करतं आणि अब्बूंनाही सोडत नाही. आठवड्याने बेरीज केली की आपण समजत होतो त्यापेक्षा आकडा बहुधा मोठा निघतो.

मग एकच तास परत घ्या. सगळं एकदम बंद करायला जाऊ नका. मगरिबनंतरचा एक तास टीव्ही बंद, घरातल्या सगळ्यांसाठी. मुलांना अभ्यासाला बसवून मोठ्यांनी मालिका बघायची, असं केलं तर दोन दिवसही टिकणार नाही. शेजारच्या घरातला आवाज येत असेल तर त्यांच्याशीही बोला. एका गल्लीतली चार घरं मिळून ही वेळ पाळू लागली तर फार सोपं जातं. मोहल्ल्यात अभ्यासिका असेल तर मोठ्या मुलांना तिथे पाठवा.

बघायचं ते निवडून बघा. घरातल्या प्रत्येकाने आपली एक मालिका किंवा कार्यक्रम निवडावा. तो संपला की टीव्ही बंद. "काय चाललंय बघू" म्हणून वाहिन्या फिरवत बसण्यात सगळ्यात जास्त वेळ जातो.

टीव्हीची सेटिंग बदला. स्मार्ट टीव्हीवर यूट्यूबच्या सेटिंगमध्ये ऑटोप्ले नावाचा पर्याय असतो, तो बंद करा. मग पुढचा भाग आपोआप लागत नाही, लावावा लागतो, आणि तेवढ्या वेळात उठता येतं. डिश किंवा केबलमध्ये २०१९ पासून आपल्याला हव्या त्या वाहिन्या निवडून घेता येतात. पुढच्या रिचार्जच्या वेळी यादी काढा आणि न लागणाऱ्या वाहिन्या कमी करा. पैसेही वाचतील.

रिमोट जागेवर ठेवा. हाताशी, उशीखाली नको. कपाटात किंवा उंच फळीवर. दोन पावलं चालावं लागलं तरी निम्म्या वेळा माणूस विचार बदलतो. घरात दुसरी खोली असेल तर झोपायच्या खोलीत टीव्ही ठेवू नका.

रिकाम्या वेळेत काय करायचं ते आधी ठरवा. याकडे दुर्लक्ष होतं, म्हणून बाकी सगळे उपाय फसतात. टीव्ही बंद केला आणि मुलाला सांगितलं, "बस आता गप्प," तर ते टीव्हीच मागणार. लहानांना पोळी लाटायला द्या, कपड्यांच्या घड्या घालायला द्या, कॅरम काढा, दादींना त्यांच्या लहानपणच्या गोष्टी सांगायला लावा. मोठ्यांनी जेवणानंतर चालायला जावं. जागतिक आरोग्य संघटना मोठ्या माणसांना आठवड्यात किमान १५० मिनिटं मध्यम व्यायाम करायला सांगते. भरभर चालणं त्यात येतं. रोजची ती २२ मिनिटंसुद्धा होत नाहीत. एक मालिका सोडली तर तेवढा वेळ निघतो. साखर आणि ब्लडप्रेशर आपल्या घराघरांत आहे आणि जास्त बसून राहण्याने ते वाढतं, हे डॉक्टर आपल्याला सांगतातच.

म्हाताऱ्या माणसांचा टीव्ही हिसकावू नका. दादी-नानींना तो सोबत असतो. त्यांचा टीव्ही कमी करायचा असेल तर तेवढा वेळ त्यांच्याजवळ बसायची तयारी आधी ठेवा. तयारी नसेल तर त्यांना त्यांची मालिका बघू द्या.

रमजानमध्ये जमतं, मग नंतर का नाही?

कितीतरी घरांत रमजानचा चाँद दिसला की टीव्हीवर चादर पडते. महिनाभर कोणाला फारसं अडत नाही. लहान मुलंसुद्धा कुरकुर करत नाहीत. म्हणजे "आमच्या घरात टीव्ही कमी होणं शक्यच नाही" हे खरं नाही. दरवर्षी आपण ते करून दाखवतो.

रमजानमध्ये दिवसाला शिस्त असते. सहरी, रोजा, इफ्तार, तरावीह, प्रत्येक वेळेला काम आणि सोबत ठरलेली असते. सगळे एका दस्तरखानवर बसतात. नियम फक्त मुलांना नसतो, सगळ्या घराला असतो. टीव्हीची जागा भरलेली असते, म्हणून तो आठवत नाही. चाँदरातीला चादर निघते, महिन्याभराचं राहिलेलं बघायची घाई होते आणि आठ दिवसांत गाडी परत तिथेच येते, कारण ईदनंतर त्या रिकाम्या वेळेत काय करायचं हे कोणी ठरवलेलं नसतं.

रमजानची सगळी शिस्त वर्षभर राहणार नाही, ते कोणाकडून होतही नाही. पण त्यातल्या दोन गोष्टी ठेवता येतात. दिवसातलं एक जेवण सगळ्यांनी एकत्र, टीव्ही बंद ठेवून. आणि मगरिबनंतरचा तो एक तास. थोडं असलं तरी नेहमी केलेलं काम चांगलं, हे आपण लहानपणापासून ऐकत आलो आहोत.

पहिला आठवडा जड जाईल. मुलं रुसतील, मोठ्यांना करमणार नाही, एखादा दिवस चुकेल. चुकला तर दुसऱ्या दिवशी परत सुरू करा, त्यावरून घरात भांडण करू नका. महिन्याने वहीत पुन्हा सात दिवसांची नोंद घ्या आणि दोन्ही बेरजा शेजारी लिहा. रोज एक तास कमी झाला असेल तर वर्षाचे ३६५ तास मोकळे झाले. पुढच्या पालकसभेला येताना ती वही बरोबर आणा. मुलाच्या प्रगतीपुस्तकाबरोबर तीही आम्हाला बघायची आहे.